चितळाची कवटी आणि तारेची घासणी

हरणाचं डोकं उकळायचं असेल तर पाणी कधीही खळखळू द्यायचं नाही. ही गोष्ट मला वीसेक वर्षांपासून माहीत आहे, पण दुबईजवळच्या अजमानमधल्या आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये ती एकालाही पटवता येत नव्हती. नवरा म्हणत होता, "अगं, फुल्ल कर ना शेगडी, लवकर सुटका होईल." मुलगी नाकाला ओढणी लावून म्हणत होती, "आई, धिस इज सो ग्रॉस. कान्ट यू डू इट समव्हेअर एल्स?" सासूबाई बाल्कनीच्या काचेच्या दाराशी खुर्ची टाकून त्या पातेल्याकडे बघत बसल्या होत्या.

पाणी खळखळलं की हाडांचे सांधे उसवतात, नाकाची पातळ हाडं गळून पडतात, आणि चरबी बाहेर यायच्या ऐवजी हाडात आणखी खोल मुरते. मग महिन्याभरानं पांढरी कवटी पिवळी पडायला लागते. म्हणून पाणी नुसतं थरथरलं पाहिजे, आणि त्याच्याशेजारी माणसानं बसलं पाहिजे. हे मी तिघांनाही दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना माझा आवाज चढला आणि मग सगळे आपापल्या खोलीत गेले, सासूबाई सोडून.

मला हे येतं कारण लग्नाआधी आणि लग्नानंतरची चार वर्षं मी एका पशुवैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना विभागात तंत्रज्ञ होते. विद्यार्थ्यांना शिकायला हाडं लागतात. गाय, घोडा, कुत्रा, एकदा तर सर्कशीतला उंट. आलेलं जनावर साफ करायचं, हाडं पांढरी करायची, तारेनं जोडून उभी करायची, हे माझं काम. नातेवाइकांत ते सांगायची सोय नव्हती. माझी आई सगळ्यांना "ती लॅबमध्ये असते" एवढंच सांगायची, आणि समोरच्याला वाटायचं मी रक्ताच्या तपासण्या करते. पण मला ते काम आवडायचं आणि चांगलं जमायचं. आमचे विभागप्रमुख पाहुण्यांना घेऊन यायचे तेव्हा त्यांना माझ्या घोड्याच्या सांगाड्यापुढे उभं करायचे.

मग नवऱ्याला हमरिया फ्री झोनमधल्या एका फॅब्रिकेशन कंपनीत नोकरी लागली आणि मुलीला कडेवर घेऊन मी इथे आले. त्या वेळी व्हिसाचा कागद पासपोर्टात चिकटवत. माझ्या नावाखाली व्यवसाय म्हणून गृहिणी असं छापलेलं होतं आणि काम करण्याची परवानगी नाही असंही. मला वाटलं वर्षभराचा प्रश्न आहे. त्याला बारा वर्षं झाली. आता नियम सैल झालेत, नवऱ्याच्या व्हिसावर राहूनही परमिट काढता येतं, पण हाडं साफ करणारी बाई कुणाला हवी असणार? शाळांमध्ये लॅब असिस्टंटसाठी दोनदा मुलाखती दिल्या. दोन्हीकडे समोरच्या बाईनं माझा कागद खालीवर करून विचारलं, "मॅडम, धिस गॅप?" गॅप म्हणे. त्या गॅपमध्ये मी एक मूल वाढवलं, चार घरं बदलली आणि या वाळूत कढीपत्त्याचं झाड जगवलं, पण त्यातलं काही कागदावर येत नाही.

आणि मग एक दिवस आमच्या शेजारणीच्या मांजराच्या निमित्तानं ओळख झालेल्या मल्याळी डॉक्टरांचा फोन आला. ते प्राण्यांचे डॉक्टर, धैदच्या पलीकडे एका म्हाताऱ्या अरबाच्या फार्मवर आठवड्यातून दोनदा जातात. त्या म्हाताऱ्यानं हौसेनं चितळ पाळलेत. माजावर आलेल्या दोन नरांची झुंज झाली आणि त्यातला मोठा, म्हाताऱ्याचा लाडका नर, मेला. त्याचं शिंगांसकट डोकं लाकडी फळीवर बसवून म्हाताऱ्याला आपल्या मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, लावायचं होतं. शिवाय फार्मवर तो एक खोली बांधतोय. शाळेतल्या मुलांना दाखवायला हाडं, शिंगं, अंडी, पिसं असं सगळं तिथे मांडायचंय, आणि ते नीट करणारं माणूस त्याला मिळत नाहीये.

"मॅडम, मैंने आपका नाम दिया है," डॉक्टर म्हणाले. "ये एक हेड अच्छा हो गया तो रूम का सारा काम आपका. वीक में तीन दिन. लेकिन बिगड़ गया तो मैं दुबारा आपका नाम नहीं ले सकता. ओल्ड मॅन इज व्हेरी पर्टिक्युलर."

मी हो म्हणाले. फोन ठेवल्यावर बाथरूममध्ये जाऊन दार लावलं आणि रडले. इतक्या वर्षांत मला कुणी मला येत असलेलं काम विचारलं नव्हतं.

डोकं आलं ते मासळीच्या थर्मोकोलच्या खोक्यात. कातडी फार्मवरच्या माणसानं काढून दिली होती. पण चितळाच्या नराची शिंगं दीड हात लांब, ती खोक्यात कुठली मावायला. डॉक्टरांच्या ड्रायव्हरनं झाकणाला दोन भोकं पाडून ती बाहेर काढली होती आणि वरून जुनी चादर गुंडाळली होती. लिफ्टमध्ये आमच्या बिल्डिंगचा नातूर, म्हणजे इथला वॉचमन, माझ्याबरोबर होता. सहा मजले तो त्या चादरीकडे बघत होता आणि मी आकड्यांकडे. फ्रीझरमध्ये ते मावणं शक्यच नव्हतं, त्यामुळे त्याच दिवशी कामाला लागणं भाग होतं.

डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये परवानगी नव्हती, फार्मवरची खोली अर्धवट बांधलेली. राहिलं आमचं घर. मी बाल्कनीत विजेची शेगडी मांडली, नवं स्टीलचं पातेलं आणलं, कारण पाण्यात घालायच्या धुण्याच्या सोड्यानं ॲल्युमिनियम काळं पडतं आणि ते काळं हाडाला लागतं. शिंगांच्या बुंध्याला प्लास्टिक गुंडाळून वर टेप मारली आणि शिंगं पाण्याबाहेर राहतील अशा बेतानं डोकं दोरीनं टांगलं. डिसेंबरची छान हवा होती. तासाभरात खालच्या मजल्यावरचे हैदराबादी चाचा आपल्या बाल्कनीतून मान वर करून म्हणाले, "भाभी, आज पाये पक रहे हैं क्या?" मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी नातूर दारात. "मॅडम, ऑफिस में कंप्लेन गया. बाल्कनी में कुकिंग मना है."

"कुकिंग नहीं है, भैया."

"तो क्या है?"

शेगडी स्वयंपाकघरात आली, एक्झॉस्ट पंखा दिवसभर घोंघावत राहिला आणि घरातल्या प्रत्येकानं आपापल्या परीनं माझा जीव खायला सुरुवात केली. आम्ही मटण खाणारी माणसं. रविवारी नवरा स्वतः बोकडाचं डोकं भाजून घेतो. पण हे डोकं बघून त्याला जेवण जाईना. तो टिफिन उचलून हॉलमध्ये जाऊन जेवायचा आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात आपल्या मित्राला फोनवर सांगायचा, "काही विचारू नकोस यार, घरात पोस्टमॉर्टेम चालू आहे."

आता सासूबाईंविषयी. त्या सातारा जिल्ह्यातल्या. चाळीस वर्षं त्यांनी स्वतःचं घर सांभाळून वर गावातल्या एका वसतिगृहाचं स्वयंपाकघर चालवलं. सव्वाशे मुलांचा स्वयंपाक, माणूस आत बसेल एवढाली पितळी पातेली. सासरे गेल्यावर एकट्या नकोत म्हणून आम्ही त्यांना व्हिजिट व्हिसावर आणलं होतं, मुदतही वाढवून घेतली होती, आणि आता तिसरा महिना चालू होता. त्या तीन महिन्यांत मी त्यांना साधी कोथिंबीरसुद्धा निवडू दिली नव्हती. आयुष्यभर राबल्यात, आता आराम करू देत, असं मी सगळ्यांना सांगायचे आणि लोक माझं कौतुक करायचे. ते खोटं नव्हतं. पण पूर्ण खरंही नव्हतं. या घराचं स्वयंपाकघर हे एकच ठिकाण होतं जिथे माझ्यावाचून अडायचं, आणि तिथे मला दुसरा हात नको होता.

त्यामुळे त्या यायच्या, दारात उभ्या राहायच्या, "काही करू का गं?" विचारायच्या, आणि मी वळूनही न बघता म्हणायचे, "नको आई, तुम्ही बसा." कवटीच्या कामातही तेच चाललं. मी दर दोन तासांनी पाणी बदलत होते, चिमट्यानं मांस सोडवत होते, वाकवलेल्या तारेनं मेंदू बाहेर काढून बाथरूमच्या फवाऱ्यानं आतली पोकळी धुत होते, आणि त्या खुर्ची सरकवत सरकवत माझ्यामागे. "हे काय लावतेस?" "हे कशाला?" मी अर्धंमुर्धं उत्तर द्यायचे. शिकवायला बसले असते तर पाच मिनिटांचं काम होतं. पण माझं सगळं लक्ष त्या डोक्यात होतं, आणि खरं सांगायचं तर मला कंटाळा यायचा.

चार दिवस कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड घालून कवटी भिजवली. पाण्यावर तेलकट तवंग यायचा, तो ओतून पुन्हा नवं पाणी. पाचव्या दिवशी कापायची वेळ आली.

ही खरी परीक्षा. अख्खी कवटी फळीवर बसत नाही. खालचा भाग कापून टाकायचा आणि वरचा, कपाळ, डोळ्यांच्या खोबणींची वरची कड, नाक आणि शिंगं, असा ठेवायचा की कापलेली बाजू टेबलासारखी सपाट हवी. जराशी तिरकी झाली तरी शिंगं भिंतीवर एका बाजूला कलतात, आणि ते दारातून शिरणाऱ्यालाही दिसतं. कवटीवर सरळ रेघ मारणं अवघड, कारण तिच्यात सरळ असं काहीच नसतं. त्यासाठी मी मुलीचा लहानपणीचा प्लास्टिकचा टब काढला, कवटी त्यात हव्या त्या कोनात दोरीनं धरून ठेवली आणि जिथून कापायचं तिथवर पाणी भरलं. पाणी काही वाकडं उभं राहत नाही. पाण्याच्या कडेकडेनं पेन्सिल फिरवली की रेघ तयार. हे आमच्या विभागातल्या एका म्हाताऱ्या शिपायानं मला शिकवलं होतं.

नवरा हे बघून म्हणाला, "मी कंपनीतून ग्राइंडर आणतो. दोन मिनिटांत खलास."

"ग्राइंडरनं हाड जळतं. कड काळी होते."

"मग पॉलिश कर ना."

"तू फक्त धर."

त्यानं धरली. मी बारीक दातांची करवत लावली. हाड ओलं असतानाच कापायचं, नाहीतर तडकतं. दर दहा-बारा फेऱ्यांनी मी थांबायचे, रेघ बघायचे, पाणी शिंपडायचे. दीड तास हे चाललं.

"हलवू नकोस."

"मी नाही हलवत, तूच हलतेस."

"अरे, नाकाकडून धर, शिंग धरू नकोस. शिंगं म्हणजे हँडल नाही."

"मग स्टँड बनवायचा होता. प्रोसेस म्हणून काही असतं की नाही?"

बायकोला काम मिळतंय तर एक कवटी दीड तास मुकाट्यानं धरायला काय होतं, हा प्रश्न मी तोंडावर आणला नाही. पण करवत पलीकडून बाहेर आली, मी कापलेली बाजू ओट्याच्या ग्रॅनाइटवर ठेवली, चारी कोपऱ्यांवर बोटानं दाबून पाहिलं. कवटी जागची हलली नाही. नवऱ्यानंही दाबून बघितलं आणि म्हणाला, "च्यायला, लेव्हलमध्ये आहे." त्याच्याकडून ही शाबासकी समजायची असते.

मग पांढरं करणं. ब्लीचनं हाड भुसभुशीत होतं, म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं. केसांच्या सलूनच्या सामानाच्या दुकानातून मी त्याचं घट्ट क्रीम आणलं, ब्रशनं फक्त हाडाला लावलं, वर प्लास्टिक लपेटून ठेवलं. सासूबाई शेजारी उभ्या.

"हे कशाचं?"

"पांढरं होतं यानं."

"आणि वरचं?"

"नको आई, तुम्ही बसा."

एवढंच बोलणं झालं. वरचं, म्हणजे शिंगं, तपकिरीच राहायला हवीत, तीच त्याची शोभा, नर झाडांवर शिंगं घासतो तेव्हा सालींचा रंग त्यात मुरतो, हे सगळं मला माहीत होतं. ते मी त्यांना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढलं. हाड दुधासारखं निघालं. वर ती गडद, बुंध्याशी जवळजवळ काळी आणि टोकांना उजळलेली शिंगं. मी घरातल्या प्रत्येकाला बोलावून दाखवलं. मुलगीसुद्धा म्हणाली, "ओके, दॅट्स ॲक्च्युअली कूल." मी कवटी वाळायला बाल्कनीत ठेवली आणि फळी आणायला अजमानच्या इंडस्ट्रियल एरियातल्या पठाण सुताराकडे गेले. फळीला त्यानं दोन दिवस उशीर केला होता. "इन्शाल्ला, बस आधा घंटा" म्हणत मला तीन तास बसवून ठेवलं. घरी आले तेव्हा दुपार टळत आली होती.

बाल्कनीत, उन्हात, वर्तमानपत्रावर कवटी ठेवलेली होती. शिंगं पांढरी होती.

पांढरीफटकही नाहीत. काही ठिकाणी पांढरी, काही ठिकाणी पिवळट, खाचांमध्ये कुठेकुठे तपकिरी राहिलेली. शेजारी वाडग्यात चिंचेचा कोळ, मीठ आणि तारेची घासणी. पेरॉक्साइडची रिकामी बाटली. सासूबाई पदर खोचून उभ्या होत्या, त्यांच्या बोटांची टोकं पाण्यानं सुरकुतली होती, आणि चेहरा इतका उजळलेला मी या तीन महिन्यांत बघितला नव्हता.

"बघ केवढा मळ निघाला," त्या म्हणाल्या. "तीन पाणी बदललं. मग तुझं ते औषध उरलं होतं, तेही लावलं, तू लावतेस तसं कागद गुंडाळून."

मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिणार नाही. तुम्हाला हात लावायला कुणी सांगितलं होतं, हे म्हणाले. बारा वर्षांनी माझ्याकडे काम आलं आणि तुम्ही त्यावर पाणी फिरवलंत, हे म्हणाले. इतकी वर्षं ज्या बाईला मी अहो-जाहोशिवाय हाक मारली नाही तिच्यावर मी खालच्या चाचांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडत होते. मुलगी खोलीतून येऊन म्हणाली, "आई, स्टॉप इट. शी वॉज हेल्पिंग." सासूबाईंनी वाडगा उचलला, चिंचेचा चोथा कचऱ्यात टाकला, सिंक धुतलं आणि आपल्या खोलीत गेल्या.

पुढचे तीन दिवस मी वेड्यासारखी रंग परत आणायच्या मागे होते. यावर एक औषध आहे, विहिरीत टाकतात ते जांभळं, पोटॅशियम परमँगनेट. ते चार फार्मसींमध्ये विचारलं. तिघांनी नाही म्हणून सांगितलं, चौथ्यानं कशाला हवंय असं विचारून माझ्याकडे रोखून पाहिलं, तेव्हा मी निघून आले. मग चहाचा काळाकुट्ट काढा. मग कॉफी. मग काढ्यात गंजलेले खिळे टाकून. शिंगांना रंग चढायचा तो डागांसारखा, जिथे घासणी जास्त बसली तिथे जास्त, आणि ओल्या फडक्यानं पुसला की अर्धा निघून यायचा. डॉक्टरांना फोन करून खरं सांगायला हवं होतं. दोनदा नंबर लावला आणि कापला. बिघडलं तर पुन्हा नाव घेणार नाही, हे त्यांचं वाक्य डोक्यातून जाईना. सासूबाई या तीन दिवसांत जेवायला यायच्या, जेवून ताट उचलून ठेवायच्या आणि खोलीत जायच्या. मी त्यांच्याशी कामापुरतं बोलत होते, आणि त्यांच्याशी काम असं काहीच नव्हतं.

शनिवारी आम्ही फार्मवर निघालो. नवरा गाडी चालवत होता, मुलगी मैत्रिणीकडे. सासूबाईंना घरी एकटं ठेवायला नको म्हणून त्या मागच्या सीटवर, स्वेटर घालून, शेजारी दुलईत गुंडाळलेली कवटी. धैदपर्यंत मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. केमिकलची रिॲक्शन झाली. या हवेत असं होतं. नर वयस्क असला की रंग उतरतो. सगळं खोटं, आणि सगळं म्हाताऱ्याला पटेल असं इंग्रजीत.

म्हातारा फार्मच्या दारातच खुर्ची टाकून बसला होता, शेजारी डॉक्टर. वय ऐंशीच्या आसपास, पायात साध्या चपला. त्यानं फळीवर बसवलेली कवटी मांडीवर घेतली, एका शिंगावरून अंगठा फिरवला, नंतर दुसऱ्यावरून. मग इथले जुने लोक बोलतात तसल्या हिंदीत म्हणाला, "ये मेरा वाला नहीं."

डॉक्टर पुढे झाले. "बाबा, आपका ही है."

"मेरा वाला काला था. उधर घाफ के झाड़ में रोज घिसता था, मैं रोज देखता था." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुम लोग बदली किया?"

डॉक्टरांचा चेहरा पडला. माझी जुळवलेली सगळी वाक्यं कुठल्या कुठे गेली. इथवर येऊन आता मी चोर ठरत होते. नवरा काहीतरी म्हणायला लागला, त्याच्या आधी मीच बोलले.

"बदली नहीं किया, बाबा. मैंने नहीं किया. मेरी सास ने घिस डाला." मी हात करून दाखवलं. सासूबाई गाडीतून उतरून माझ्यामागे दोन पावलांवर उभ्या होत्या. "ये खड़ी हैं. मैंने मना किया था. बूढ़ी हैं, इनको कुछ समझता नहीं है."

मना केलंच नव्हतं. तेवढंही खोटं मी सहज बोलून गेले. आणि हे सगळं हिंदीत बोलत होते, जी सासूबाईंना माझ्याइतकीच कळते.

म्हातारा उठला. शिंगं नवऱ्याच्या हातात देऊन त्यानं आपली खुर्ची सासूबाईंकडे सरकवली आणि त्या बसेपर्यंत स्वतः उभा राहिला.

"माँ, तुमने घिसा?"

"हां," सासूबाई म्हणाल्या. "मैला था."

म्हातारा हसायला लागला. हसता हसता त्याला खोकला आला. त्याच्या आईनं म्हणे एकदा त्याची नवी बंदूक साबणाच्या पाण्यात बुडवून धुतली होती, आणि तो बाहेरगावाहून आला तेव्हा ती दोरीवर वाळत होती. "माँ को क्या बोलेगा? खलास." मग त्यानं कवटी परत घेतली, फळीवरून सोडवायला लावली, उलटी केली, कापलेल्या बाजूवरून नख फिरवलं, समोरच्या मेजावर ठेवून चारी बाजूंनी दाबून पाहिली.

"ये कटिंग कौन किया?"

"मैंने."

"अच्छा हाथ है. मंडे से आओ. डॉक्टर कागज करेगा." आणि शिंगांकडे बोट दाखवून, "ये ऐसा ही लगाएगा. कोई पूछेगा तो मैं माँ का बात बोलेगा."

परत येताना मी अर्धा रस्ता फोनवर होते. मुलीला सांगितलं, पुण्याला बहिणीला सांगितलं, माझ्या आईला सांगितलं, आणि या वेळी लॅब वगैरे न म्हणता हाडांचं काम आहे असंच सांगितलं. नवरा म्हणाला, "मानलं बुवा तुला." मला इतकं हलकं वाटत होतं की मागे वळून मी सासूबाईंना म्हणाले, "आई, आज तुमच्यामुळेच निभावलं बघा." गेल्या तीन दिवसांत मी त्यांच्याशी पहिल्यांदा हसून बोलत होते.

सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"असू दे," त्या म्हणाल्या. "तीन महिने नुसती बसून होते. माझं नाव पुढे करायला तरी कामी आले."

नवऱ्यानं आरशातून मागे पाहिलं आणि नजर रस्त्यावर नेली. मी पुढे तोंड करून बसले. ज्या दिवसाची बारा वर्षं वाट पाहिली, त्या दिवशी मला माझीच इतकी चीड येईल असं वाटलं नव्हतं.